मुंबईला न गेलेली रत्नागिरी

एक सायकल, पंचवीसेक किलोमीटर, दोन रंगांचे समुद्र, एक राजवाडा आणि दिवसभर खादाडी. गणपतीपुळ्याला जाताना ज्या शहराला आपण बिनदिक्कत टांग मारतो, त्या शहरातला एक भरगच्च शनिवार.

प्रत्येक ऑफिसात एक तरी असा प्राणी असतोच, जो फॉरेन टूर करून आला की पुढचे पंधरा दिवस सगळ्यांना मोबाइलमधले फोटो दाखवत फिरतो. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला जाऊन आली आणि आमचं तेच झालं. तिनं तिथं चक्क सायकल टूर केली होती. व्हॅलेन्सियात १९५७ साली तुरिया नदीला महापूर आला. त्यानंतर नदीचा प्रवाह शहराबाहेरून वळवण्यात आला आणि जुन्या कोरड्या पात्रात लांबच लांब बाग केली गेली. त्या बागेतून सायकल हाणायची, संत्र्याच्या बागा बघायच्या आणि दुपारी पाएया खायचा, असा एकूण बेत.

पाएया म्हणजे तिथला भाताचा प्रकार. आपल्याकडच्या पॉश रेस्टॉरंटमध्ये तो कोलंबी, शिंपले वगैरे घालून येतो. पण अस्सल व्हॅलेन्सियन पाएयात म्हणे मासे नसतातच. त्यात कोंबडी, ससा आणि शेंगा. कारण साधं आहे. तो शेतावर राबणाऱ्यांचा दुपारचा स्वयंपाक होता, जे हाताशी असेल ते भातात पडायचं. आज तेच खायला जगभरातून लोक विमानानं जातात.

तिची टेप चालू होती आणि माझ्या डोक्यात भलतंच सुरू झालं. समुद्र, जुनं बंदर, फळबागा, तांदूळ... अरे बॉस, ही तर आपली रत्नागिरी! फक्त संत्र्याच्या जागी हापूस. मग रत्नागिरीत सायकलवरून खात खात का नाही हिंडायचं? मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक रजा टाकली, कोकणकन्या पकडली आणि पहाटे रत्नागिरी स्टेशनवर उतरले. सायकल एका मैत्रिणीच्या मामेभावाची. गिअरवाली, सीट जरा उंच, पण फुकट!

सगळं चांगलं जातं कुठं?

रत्नागिरीची एक गंमत आहे. इथलं जे जे म्हणून बेस्ट, ते इथं राहत नाही. हापूसची पेटी वाशीच्या मार्केटला जाते. मोठं पापलेट, सुरमई मुंबईला नाहीतर गोव्याला. म्हाकूल तर थेट एक्सपोर्टला. आणि दहावी-बारावीनंतर पोरं मुंबई-पुण्याला. 'चाकरमानी' हा शब्द याच पट्ट्यानं मराठीला रोजच्या वापरातला करून दिला. गणपती आणि शिमग्याला गाव भरतं, एरवी घरात दोन म्हातारी माणसं आणि अंगणात एक कुत्रा.

मग मागे उरलेली रत्नागिरी खाते काय? हा एकच प्रश्न घेऊन मी निघाले होते. कारण आपण टुरिस्ट म्हणून जे 'कोकणी जेवण' खातो ते बहुतेकदा 'मालवणी थाळी' नावाचं एक स्टँडर्ड ताट असतं. पापलेट फ्राय, लालभडक रस्सा, वाटीभर सोलकढी. ते वाईट मुळीच नसतं. पण ते रत्नागिरीच्या घरात रोज शिजत नाही.

भाट्ये : भरती-ओहोटीचं टाइमटेबल

सायकलस्वारांनी आधी एक समजून घ्यायला हवं, रत्नागिरी हे दुमजली शहर आहे. वरच्या मजल्यावर जांभ्या दगडाचा सडा, तिथं मारुती मंदिर, माळनाका, सरकारी ऑफिसं आणि नव्या बिल्डिंगा. खालच्या मजल्यावर जुनं गाव, आळ्या, बाजार, बंदर आणि मच्छीमारांच्या वाड्या. सकाळी उतरताना पायडल मारावं लागत नाही. संध्याकाळी चढताना त्याचं सगळं व्याज वसूल होतं.

साडेसहाला अंधुक उजेडात मी उतार संपवून भाट्ये पुलावर पोचले. खाली काजळी नदीची खाडी. एका बाजूला राजिवड्याच्या होड्या, पलीकडे सुरूचं बन आणि भाट्याचा लांबलचक किनारा. पूल ओलांडून पुढं गेलं की नारळ संशोधन केंद्र लागतं. १९५५ सालापासून इथं नारळावर काम चालू आहे, आणि आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं. आणखी पुढं झरी विनायकाचं देऊळ. एवढ्या सकाळी किनाऱ्यावर फक्त वॉकला आलेले काका लोक आणि मी.

परत फिरताना पुलाजवळ ओहोटीच्या चिखलात काही बायका वाकून काहीतरी वेचत होत्या. सायकल टेकवून खाली गेले. टोपलीत तिसऱ्या. बोटभर लांबीच्याही नसतात या शिंपल्या, पण एका कालवणाला शे-दीडशे लागतात.

"विकायला का घरी?" मी विचारलं.

"उरली तर विकायची गो बाय. आधी घरात. बाजारात काय, पापलेटच मागतंत."

झालं. माझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर सकाळी सात वाजताच मिळालं. जे मोठ्या टेम्पोत चढत नाही ते इथल्या घरात शिजतं. तिसऱ्या तासाभरात चुलीवर जायला हव्यात, त्यांचं पॅकिंग करून लांब पाठवणं परवडत नाही. खडकावरची कालवं तशीच. म्हणून ती राहिली.

राजिवडा, मांडवी आणि सांदणाचे दोन अर्थ

भाट्ये पुलावरून शहराकडे वळलं की खाडीच्या काठानं राजिवडा. ही मुख्यतः कोकणी मुसलमान मच्छीमारांची वस्ती. गल्ल्या इतक्या अरुंद की कार सोडा, रिक्षाही विचार करून घुसते. सायकलला मात्र रेड कार्पेट. दारादारात जाळी विणणं, शिवणं चालू असतं आणि प्रत्येक दुसऱ्या खिडकीतून नारळ खवल्याचा वास येतो.

इथं एका दुकानात चहा पिताना सांदणाचा विषय निघाला. माझ्या माहितीतलं सांदण म्हणजे बरक्या फणसाच्या रसात तांदळाची कणी भिजवून वाफवलेलं पिवळंधमक प्रकरण, सोबत नारळाचं दूध. दुकानातल्या आजोबांना हे ऐकून हसू आलं. त्यांच्या घरचं सांदण पांढरं. तांदूळ, नारळाचं दूध, आंबवलेलं पीठ, वाफेवर फुगलेलं. ते गोडही खातात आणि मटणासोबतही. शब्द एक, पदार्थ दोन, आणि दोन्ही घरांत दीड-दोन किलोमीटरचंही अंतर नाही. पण दोन्हींमध्ये तांदूळ, नारळ आणि वाफ आहेच. कोकणातल्या स्वयंपाकाचं अर्धं व्याकरण या तीन शब्दांत येतं.

पुढं मांडवी. रत्नागिरीकर याला कौतुकानं 'गेटवे ऑफ रत्नागिरी' म्हणतात. संध्याकाळी इथं भेळ-पाणीपुरीची जत्रा असते, सकाळी शांत. वाळू काळसर, कारण तिच्यात इल्मेनाइटसारखी जड खनिजं आहेत. किल्ल्याच्या पलीकडे गेलं की हीच वाळू पांढरी होते, म्हणून त्या किनाऱ्याचं नावच पांढरा समुद्र. एका शहरात काळा आणि पांढरा असे दोन समुद्र, आणि मध्ये सायकलनं जेमतेम अर्धा तास. व्हॅलेन्सियाला हे आहे का सांगा!

घावणे मेनूकार्डावर का नसतात?

आठ वाजता पोटात कावळे. राम आळी आणि गोखले नाका या बाजारपेठेच्या भागात हॉटेलं उघडली होती. पोहे, मिसळ, इडली, मेदूवडा, ब्रेडबटर. सगळं गरम आणि छान, पण यात रत्नागिरीचं असं काय? घावणे कुठं मिळतील विचारल्यावर दोन हॉटेलवाल्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी उडप्याकडे पुरणपोळी मागतेय.

मैत्रिणीच्या मामेभावानं एका काकूंचा नंबर देऊन ठेवला होता. साठीच्या आसपासच्या, जुन्या आळीत कौलारू घर, पडवीत दोन टेबलं. बाहेर बोर्ड नाही. आदल्या रात्री फोन केला तर सकाळी नाश्ता, सकाळी सांगितलं तर रात्री जेवण. बस्स, एवढाच बिझनेस मॉडेल.

काकूंनी बिडाच्या तव्यावर नारळाच्या शेंडीनं तेल फिरवलं, वाटीनं पातळ पीठ ओतलं, चर्रर्र झालं, वर झाकण. दोन मिनिटांत जाळीदार, पांढराशुभ्र घावन पानात. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी. पहिला घावन संपेपर्यंत दुसरा तयार नसतो, तेवढ्यात गप्पा होतात.

"हॉटेलात का नाही मिळत हे?" मी विचारलं.

"कसं मिळेल? एका वेळी एक होतं. करून ठेवलं की चामडं होतं. हॉटेलवाला एका गिऱ्हाइकापाठी तव्यासमोर उभा राहील होय?"

हा मुद्दा मला भारी पटला. इडलीचा एक स्टँड लावला की सोळा इडल्या. पोह्यांची कढई तासभर चालते. घावन मात्र सिंगल टास्किंग मागतो. हॉटेलच्या गणितात तो बसत नाही, म्हणून तो घरात राहिला. आणि घरातही तो तव्यासमोर उभी राहणारी बाई असेपर्यंतच.

निघताना काकूंनी विचारलं, "रात्री येणार का? ओले काजू आलेत." मी जवळजवळ ओरडलेच, "हो!"

मिरकरवाडा : काय चढतं, काय उरतं

चार घावणे पोटात घालून रत्नदुर्ग चढायला घेतला. घोड्याच्या नालेच्या आकाराचा हा किल्ला तीन बाजूंनी समुद्रात घुसलाय. वर भगवतीचं देऊळ आणि एका टोकाला दीपगृह. शेवटच्या चढावर मी उतरून सायकल ढकलली, लाज कसली? वरून एका नजरेत सगळं दिसतं. एकीकडे मांडवी, दुसरीकडे मिरकरवाडा बंदर आणि त्यापलीकडे मिऱ्याचा डोंगर. मिऱ्याच्याच बंधाऱ्याला २०२० च्या जूनमध्ये, निसर्ग चक्रीवादळात, 'बसरा स्टार' नावाचं आख्खं जहाज येऊन टेकलं होतं आणि पुढं कित्येक वर्षं ते तिथंच पडून होतं. लोक सेल्फी काढायला जायचे.

किल्ल्यावरून ब्रेक दाबत थेट मिरकरवाड्यात. हे राज्यातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. नाक घट्ट धरून येणाऱ्यांनी येऊ नये. लिलावाची बोली, बर्फाचा चुरा, डिझेलचा धूर, टोपल्या, मांजरं आणि वर घारी. बोटींवरचे खलाशी बरेचसे नेपाळी. आंब्याच्या बागांचे राखणदारही नेपाळीच असतात. इथली पोरं मुंबईला गेली आणि त्यांच्या जागी हिमालयातून माणसं आली, असा हा उलटा प्रवास.

लिलावाजवळ अर्धा तास उभं राहिलं की सगळं अर्थशास्त्र समजतं. मोठी सुरमई, पापलेट, म्हाकूल यांच्याभोवती व्यापारी. बर्फात भरलं की गाडी निघाली. बाजूला बायका छोट्या ढिगांवर घासाघीस करतात. बांगडा, तारली, मांदेली, बारीक कोलंबी. हे शहरात राहतं. अर्थात हल्ली बांगडाही पूर्वीसारखा हमखास नसतो, असं प्रत्येक जण सांगतो. मोठ्या जाळ्यांच्या पर्ससीन बोटी आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातला वाद इथं जुना आहे. राज्य सरकारनं २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी तो मिटलेला नाही. तुमच्या ताटात कुठला मासा येतो, त्यामागे इतकं राजकारण असतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांसाठीच उन्हाळ्यात सुकट, सुके बांगडे, बोंबील वाळवून डब्यात भरले जातात. आपण ज्याला 'सुक्या मासळीचा वास' म्हणून नाक मुरडतो, ती इथली पावसाळ्याची एफडी आहे.

दुपारी जेवण एका खाणावळीत. पत्र्याची शेड, चार बाकडी, समोर फळ्यावर खडूनं लिहिलेला आजचा मासा. मी बांगड्याचं तिखलं आणि तांदळाची भाकरी मागवली. तिखलं म्हणजे रस्सा नव्हे. मसाला माशाला लपेटून बसलेला असतो, आंबटपणाला आमसूल आणि वासाला तिरफळ. तिरफळ दाताखाली आलं तर जिभेला बारीक करंट बसतो. गंमत म्हणजे यातली मिरची मूळची अमेरिकेतली. तिकडून ती स्पॅनिश जहाजांनी युरोपात नेली आणि पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणली. काजूही पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणला. हापूसचं नावसुद्धा 'अल्फान्सो'चं मराठी रूप. म्हणजे जगातून आलेल्या गोष्टी इतक्या मुरल्या की आता त्या नसल्या तर कोकण ओळखूच येणार नाही.

माझ्या बाकड्यावर समोर एक रिक्षावाले, बाजूला बंदरावरचा नेपाळी मुलगा आणि पलीकडे टाय लावलेला मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. चौघंही एकाच टोपातलं तिखलं खात होतो.

कोण कुणासोबत जेवणार?

हे बाकडं मला दुपारी पुन्हा आठवलं. खालच्या भागातल्या टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे. २३ जुलै १८५६ चा जन्म. उतरत्या कौलांचं टिपिकल कोकणी घर. उन्हातून आत शिरलं की एकदम गारवा. तिथून जवळच पतितपावन मंदिर. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात, १९३१ मध्ये, भागोजीशेठ कीर यांच्या पैशांतून सर्व जातींच्या हिंदूंना खुलं असं हे मंदिर उभं राहिलं.

मंदिराची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पण माझ्या 'खाबू' मनाला जास्त इंटरेस्ट आहे तो १९३३ मध्ये याच शहरात सुरू झालेल्या अखिल हिंदू उपाहारगृहात. जात न विचारता एकत्र बसून चहा-फराळ. आज आपल्याला यात विशेष काय वाटणार? पण ज्या काळात कुणाच्या हातचं पाणी चालतं यावर माणसाची किंमत ठरायची, त्या काळात दलिताच्या हातचा चहा सगळ्यांसमोर पिणं ही केवढी मोठी गोष्ट! जेवण म्हणजे फक्त चव नव्हे, कोण कुणाच्या शेजारी बसतं हेही त्यात येतं. १९३३ च्या त्या पाटीवर धर्माची चौकट होती. मिरकरवाड्याच्या बाकड्यावर तीही कुणी विचारली नाही. मला हे रत्नागिरीचं प्रमोशन वाटलं.

राजाची नात

चार वाजता व्याज चुकवायची वेळ. वरच्या मजल्याकडे चढ. घामाघूम होऊन थिबा राजवाड्यावर पोचले. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि १८८६ मध्ये त्याला कुटुंबासकट रत्नागिरीत आणून ठेवलं. बंडखोर राजाला त्याच्या लोकांपासून लांब टाकायचं, ही त्यांची जुनी युक्ती. दिल्लीचा बहादूरशहा जफर रंगूनला, आणि ब्रह्मदेशाचा राजा आपल्या कोकणात. वर्षानुवर्षं भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर १९१० मध्ये हा लाल वाडा राहायला मिळाला, आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा गेला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथं मुद्दाम येऊन गेले.

पण मला राजापेक्षा त्याची नात जवळची वाटते. थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू. ती रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली, इथल्याच माणसाशी संसार केला आणि शेवटपर्यंत इथंच राहिली. ज्या गावातून प्रत्येक जण जायला बघतो, त्या गावात मंडालेच्या राजाची नात आयुष्यभर राहिली.

जवळच थिबा पॉइंट. खाली काजळीची खाडी, भाट्ये पूल, सकाळचा माझा सगळा रस्ता. सूर्य बुडेपर्यंत तिथून हललेच नाही.

ओले काजू आणि एक अवघड प्रश्न

रात्री आठला पुन्हा काकूंकडे. पान वाढलं. मऊ भात, कुळथाची पिठी, फणसाच्या कुयरीची भाजी, सोलकढी आणि ती येणार येणार म्हणून दिवसभर वाट पाहिलेली ओल्या काजूची उसळ.

ओले काजू खाताना मऊ, किंचित गोड, जवळपास मक्याच्या कोवळ्या दाण्यासारखे. पण ते पानात येण्याआधी काय होतं हे काकूंच्या बोटांवर दिसत होतं. बी फोडली की चीक उडतो आणि कातडी अक्षरशः भाजते. म्हणून हाताला तेल किंवा राख लावायची, एकेक बी चिरायची, गर काढायचा, मग गरम पाण्यात टाकून वरचं साल सोलायचं. बाजारात हे शेकड्यावर विकले जातात. मशीनवर होत नाही आणि दोन-तीन दिवसांत खराब होतात. सुका काजू जगभर गेला, ओला राहिला.

कुळथाचंही तेच. गरिबाचं कडधान्य म्हणून कुणी व्यापारी त्यामागे लागला नाही. रायवळ आंबेही तसेच. हापूस पेटीत, रायवळ घरातल्या रायत्यात. २०१६ मध्ये कोकमाला आणि २०१८ मध्ये हापूसला जीआय टॅग मिळाला, छानच झालं. पण तिसऱ्यांच्या सुक्याला, घावनाला, ओल्या काजूच्या उसळीला कसला टॅग मिळणार? ते सगळं एका बाईच्या हातात आहे.

काकूंची मुलगी ठाण्याला, मुलगा पुण्याला. दोघंही तुमच्या-माझ्यासारखी, लॅपटॉपवाली. "मुलगी व्हिडिओ कॉलवर विचारते, पिठीला पीठ किती घालू. आता काय सांगू? हाताला कळतं." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "खरं सांगू का, हा मे झाला की बंद करावं म्हणतेय. गुडघे बोलतात. आणि लोक येतात ते मोदक मागतात. गणपतीला मोदक, एरवी पण मोदक. कुळथाची पिठी कोण मागतंय?"

मी हिशेब विचारला. त्यांनी सांगितलेली रक्कम ऐकून मी गप्प बसले. मुंबईत मॉलमध्ये आपण दोन जण कॉफी आणि ब्राउनी खातो, त्याहून कमी. त्यात सकाळी सहापासून सोललेले काजू होते. मी जरा जास्त पैसे पुढं केले, तर त्यांनी सरळ परत केले. "भीक नको गो. पुढच्या वेळी चार जणांना घेऊन ये."

मला वाटतं प्रश्न इतकाच आहे. व्हॅलेन्सियातल्या शेतमजुरांचा डबा आज जगाच्या मेनूवर आहे, कारण तिथल्या लोकांनी तो अभिमानानं रोज मागितला, रांधला, पाहुण्यांना वाढला. रत्नागिरीचा डबाही तितकाच भारी आहे. फक्त तो मागणारे आपण सगळे मुंबईला निघून गेलो, आणि परत येतो तेव्हा पनीर मागतो. तुमच्यापैकी कितीतरी जणांची आजी खेडशीत, पावसला, मालगुंडला असेल. शिमग्याला जाल तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून तिच्या तव्यासमोर तासभर बसा. आणि आजी नसेल तर अशा एखाद्या काकूंकडे आदल्या दिवशी फोन करा. मागणी असेल तर तवा तापतो, साधा बाजाराचा नियम आहे.

काकूंना मी मे महिन्यासाठी पाच जणांची सांदणाची ऑर्डर देऊन ठेवली आहे. "बघू," म्हणाल्या. पण कॅलेंडरवर तारखेला गोल मात्र केला.

कसं जाल, काय खाल?

• कोकण रेल्वेचं रत्नागिरी स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटरवर, कुवारबावच्या बाजूला. स्वतःची सायकल पार्सल ऑफिसात बुक करून आणता येते. रस्त्यानं येणाऱ्यांनी मुंबई-गोवा हायवेवर हातखंब्याला वळायचं.

• रूट : मारुती मंदिर, भाट्ये, राजिवडा, मांडवी, राम आळी, रत्नदुर्ग, मिरकरवाडा, पांढरा समुद्र, टिळक आळी, पतितपावन मंदिर, थिबा राजवाडा, थिबा पॉइंट. निवांत केलं तर पूर्ण दिवस. चढ दोनच, पण खरे.

• नोव्हेंबर ते मार्चची सुरुवात सायकलला उत्तम. ११ ते ४ उन्हात फिरू नका, तेवढ्यात जेवण आणि देवळं-घरं उरका. हेल्मेट आणि दोन बाटल्या पाणी मस्ट.

• काय कधी : ओले काजू आणि कुयरी फेब्रुवारी-मार्चपासून, रायवळ आणि फणसाचं सांदण मेमध्ये, पातोळे श्रावणात, घावन-घाटलं गौरींना. ताजी मासळी हवी तर जून-जुलै टाळा.

• बॅगेत भरा : आमसुलं, कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ, आंबापोळी, फणसपोळी. आणि हो, घरगुती जेवणाचा दर सांगितला की घासाघीस नको, प्लीज!